जपानबद्दल काका जे सांगणार नाहीत

हे मी सांगायचं नव्हतं. परतीच्या विमानाआधी, टोकियोच्या एअरपोर्टवर, शिरीषकाकांनी चकल्यांचा डबा सगळ्यांपुढे फिरवला आणि प्रत्येकाला एकेक चकली देऊन शपथ घातली, "जे झालं ते इथेच ठेवून जायचं. वेरिबीत कुणाला एक शब्द कळता कामा नये!" सगळ्यांनी 'हो' म्हणून चकली खाल्ली. मी फक्त चकली खाल्ली. मी 'हो' म्हटलं नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मी एरवीही काही म्हणत नाही.

ट्रिपहून आणलेले मॅग्नेट फ्रिजवर मावतात, किस्से मावत नाहीत. एक आठवला की त्याचं बोट धरून दुसरा येतो. मी गप्प बसणारी आहे, त्यामुळे माझ्याकडे तर साठतच जातात.

तरी मी गप्प राहिले असते. पण काका पुढच्या शनिवारी मेलबर्नजवळच्या आमच्या वेरिबीच्या मराठी मंडळात स्लाइड शो करणार आहेत. नाव, 'जपान : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सल्ला'. त्यांचे मुद्दे नीट उतरवून द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं मराठी अक्षर चांगलं आहे आणि मी प्रश्न विचारत नाही. पहिलाच मुद्दा होता, 'भाषेची काहीही अडचण येत नाही. ॲप पुरतं.'

तो वाचला आणि मी वहीचं शेवटचं पान उघडलं.

हे वाक्य मला का लागलं, तेही सांगते. मी इयर टेनला, म्हणजे दहावीत आहे. पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म फ्रिजवर लावलाय, उद्या शाळेत द्यायचा आहे आणि त्यावर बाबांची सही हवी आहे. मी शेवटच्या चौकटीत जपानी लिहिलंय. बाबांना तिथे स्पेशलिस्ट मॅथ्स हवंय. त्यांचं म्हणणं, "भाषा काय, फोनमध्ये असते. गणित फोनमध्ये नसतं!"

गणितही फोनमध्ये असतं. पण मी बोलले नाही.

*

जुलैच्या सुट्टीत आम्ही सहाजण गेलो होतो. आई, बाबा, मी, मागच्या गल्लीतले शिरीषकाका आणि मेधाकाकू, आणि तन्वीताई. तन्वीताई सांगलीची. मास्टर्स करायला आली आणि आमची पुढची खोली तिने भाड्याने घेतली. आमच्या गल्लीत आता बहुतेक घरांची एक खोली स्टुडंटचीच असते. ती एजड केअरमध्ये शिफ्ट करते. "वर्षभर दुसऱ्यांच्या आजी-आजोबांना फिरवलं, आता मी फिरणार," म्हणाली आणि आमच्याबरोबर निघाली.

क्योटोच्या ट्रेनमध्ये पूर्ण डबा भरलेला, पण आवाज फक्त चाकांचा. लोक फोनवर बोलत नाहीत, एकमेकांशी बोलले तरी कुजबुजतात. मला तर वाटलं, अखेर माझ्यासाठी कुणीतरी देश काढला!

तेवढ्यात काका, डब्याच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असे, "काय शांतता आहे बघा! याला म्हणतात शिस्त! नाहीतर आपले लोक!"

अख्ख्या डब्याने वळून पाहिलं. काकूंनी त्यांचा दंड दाबला. "अहो, हळू."

"का? कौतुकच करतोय ना! ऐकू दे की त्यांना!"

*

आईने आयुष्यभर एकाच गोष्टीसाठी भांडण केलंय, ती म्हणजे घरात बूट. वेरिबीत गळका नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरला तिने दारातच बूट काढायला लावले होते. तो म्हणाला, "सेफ्टी बूट्स, लव्ह." ती म्हणाली, "सेफ माय फ्लोअर." नळ आणखी दोन दिवस गळत राहिला.

त्यामुळे जपानमध्ये पहिल्याच हॉटेलात चटयांच्या खोलीबाहेर बूट काढायची पाटी दिसली, तेव्हा आईचा चेहरा माहेरी आल्यासारखा झाला. "बघा! मी वेडी नव्हते! हा माझा देश आहे!" संध्याकाळपर्यंत ती आम्हाला शिकवत होती. खोलीत अनवाणी, पॅसेजमध्ये या सपाता, टॉयलेटमध्ये त्या वेगळ्या.

जेवायला सगळे चटईवर बसलो. वाढणाऱ्या बाईंचे हात मध्येच थांबले. आई दारातून आत येत होती आणि तिच्या पायात टॉयलेटच्या हिरव्या सपाता होत्या.

बाबा म्हणाले, "तुझ्या देशातून हाकलणार तुला!"

*

काकांच्या यादीत 'जपान अत्यंत स्वच्छ' असं आहे. ते खरं आहे. पण रस्त्यावर कचऱ्याचा डबा नसतो, आपला कचरा आपण घरी न्यायचा, हे मी निघण्याआधीच सांगितलं होतं. हळू सांगितलं होतं, पण सांगितलं होतं.

काकांनी देवळाबाहेर दोन केळी खाल्ली. सालं पिशवीत घातली आणि डबा शोधत अर्धा तास फिरले. शेवटी ती पिशवी एका बाकावर ठेवली आणि आकाशाकडे बघत पुढे निघाले.

शंभर पावलं गेलो असू. मागून एक बाई धावत आली. धापा टाकत, कमरेत वाकून, दोन्ही हातांनी तिने पिशवी काकांना परत दिली. काकांनीही वाकून घेतली.

पुढच्या चौकात त्यांनी ती एका भिंतीच्या कडेला ठेवली. या वेळी शाळेचा गणवेश घातलेल्या दोन मुली आल्या. त्यांनी तर पिशवीचं तोंड गाठ मारून नीट बंदही केलं होतं!

"राहू दे आता," काकू म्हणाल्या. "वेरिबीलाच नेऊ."

तन्वीताई म्हणाली, "काका, मेलबर्नला कस्टमच्या फॉर्मवर लिहावं लागेल हं! फळाची साल, दोन."

*

बाबांचा किस्सा सांगायला मला जरा भीती वाटते. पण सांगते.

दुपारी जेवताना बाबांना फोटो काढायचा होता. हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी दोन्ही चॉपस्टिक भाताच्या वाडग्यात उभ्या खोचल्या. शेजारच्या टेबलवरचे आजोबा खायचे थांबले.

मी आईच्या कानात सांगितलं, "आई, असं फक्त मेलेल्या माणसाच्या भातात करतात."

आईने वाक्य संपेपर्यंतही वाट पाहिली नाही. "काढा! काढा आधी! पिंड आहे तो!"

मग काका खिडकीकडे बघून म्हणाले, "आता कावळा कुठून आणायचा?"

आणि खरं सांगते, समोरच्या तारेवर कावळा बसला होता. जपानचे कावळे केवढे मोठे असतात! आईने बाबांना तो भात खाऊ दिला नाही.

*

काकांच्या यादीत नसलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगते.

ओसाकाच्या हॉटेलात दहाला खोली सोडायची होती. काकांना ती दोनपर्यंत हवी होती. त्यांनी काउंटरवरच्या माणसाला ॲपवरून विचारलं. त्याने मान एका बाजूला झुकवली, दातांतून हवा आत ओढली, मानेमागे हात नेला आणि म्हणाला, "चोत्तो…" म्हणजे 'जरा…'. आणि थांबला.

आमच्या शाळेतल्या जपानीच्या बाईंनी हे पहिल्याच टर्मला शिकवलं होतं. तिथे माणूस तोंडावर 'नाही' म्हणत नाही. 'ते जरा…' म्हणतो आणि वाक्य सोडून देतो. पुढचं आपण समजायचं. समजलं की आभार मानून निघायचं.

काका निघाले नाहीत. काउंटरवर कोपर टेकून उभे राहिले.

दहा मिनिटांनी मी धीर करून जवळ गेले. "काका, ते नाही म्हणाले."

"कधी म्हणाला? मी इथेच उभा आहे! वाक्य तरी पूर्ण होऊ दे त्याचं!"

पंचवीस मिनिटांनी त्या माणसाने पुन्हा मान झुकवली. "चोत्तो…"

"बघ! दुसऱ्यांदा तेच म्हणाला!" काका खूश. "म्हणजे होतंय काम!"

मेधाकाकूंनी तोपर्यंत सगळ्या बॅगा खाली आणल्या होत्या. एका बॅगेवर बसून त्या म्हणाल्या, "चोवीस वर्षं मी यांना 'जरा बघू' म्हणतेय. यांना अजून वाटतं, मी बघतेय!"

*

शेवटच्या दोन रात्री आम्ही डोंगरातल्या एका जुन्या लॉजवर होतो. चालवणाऱ्या आजी ऐंशीच्या तरी असतील. खोलीत प्रत्येकासाठी युकाता, म्हणजे सुती झगा, घडी करून ठेवला होता. बाबा घालून ऐटीत जेवायला आले. आजींनी त्यांना पाहिलं, हातातला ट्रे ठेवला, जवळ आल्या आणि एक शब्द न बोलता बाबांच्या झग्याची उजवी बाजू सोडून खाली घातली आणि डावी वर घेतली.

मी आईला सांगितलं, "उजवी बाजू वर फक्त प्रेताची असते."

"एका आठवड्यात दोनदा!" आई म्हणाली आणि कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी उठले. आजी अंगणात पाणी मारत होत्या. त्यांनी मला विचारलं, "तुझ्या वडिलांना बरं नाही का?"

मी म्हटलं, "बरे आहेत. इंजिनियर आहेत."

आजी इतक्या हसल्या की बादली कलंडली. मग आम्ही अर्धा तास जपानीत बोललो. त्यांच्या मुलीबद्दल, वेरिबीतल्या वाऱ्याबद्दल, मला शाळेत बोलायला का लाज वाटते त्याबद्दल. मराठीतसुद्धा मी एवढं सलग कधी बोलले नसेन. हे घरात कुणाला माहीत नाही.

म्हणजे आता आहे.

त्या संध्याकाळी आजी चहा घेऊन आल्या. बाबांनी फोन टेबलवर मधोमध ठेवला, ॲप उघडलं आणि माझ्याकडे बघत इंग्लिशमध्ये म्हणाले, "माझी मुलगी चार वर्षं जपानी शिकली. आता ते सोडून ती गणित घेणार आहे. हाच शहाणपणाचा निर्णय आहे, बरोबर ना?"

फोन जपानीत बोलला. आजींनी ऐकलं. कप खाली ठेवला. मान एका बाजूला झुकवली. दातांतून हवा आत ओढली.

"चोत्तो…"

मेधाकाकूंनी माझ्याकडे पाहिलं. तन्वीताईने चकलीचा तुकडा तोंडातच धरून ठेवला. बाबा मात्र फोनच्या स्क्रीनकडे बघत होते.

"एकच शब्द आलाय," ते म्हणाले. "पुढचं लोड होतंय. डोंगरात नेट स्लो आहे."

"बस आरामात," काका म्हणाले. "मला पंचवीस मिनिटं लागली होती."

मग आजींनी हात पुढे करून बाबांचा फोन अलगद उचलला, टेबलवर उलटा ठेवला, माझ्याकडे वळल्या आणि सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, की

बाबा हाक मारतायत. "अगं, पेन सापडलं! ये लवकर! जपानी खोडून तिथे मॅथ्स लिही, म्हणजे मी सही करून टाकतो!"

"आले, बाबा. पण ते जरा…"