जेऊरच्या पुढची दाढीवाली पुतळी

सोलापुरात पहाटेचा गिरणीचा भोंगा झाला तेव्हा मी केव्हाचीच तयार होऊन दारात उभी होते. आत्या सोबत येणार म्हणूनच अप्पांनी मला जाऊ दिले. घरातली मी पहिली बी. ए. आता शाळेतली नोकरी धरावी, असे अप्पांचे म्हणणे. मला पुण्याला एम. ए. करायचे होते. प्राध्यापक म्हणाले होते, "स्वतः शोधलेले काही घेऊन ये, शिष्यवृत्तीसाठी तुझे नाव सुचवतो."

काय शोधायचे, ते एका जुन्या पुस्तकाने सांगितले. तीनशे वर्षांपूर्वी एक परदेशी जवाहिऱ्या जुन्या नाण्यांच्या नादाने बगदाद, इस्फहान करत आपल्या मुलखात आला होता. कोणत्या बाजारात कोणते नाणे कसे मिळाले, हे त्याने बारकाईने लिहून ठेवले आहे. जेऊरजवळच्या एका गावाविषयी मात्र चारच ओळी: सोनाराच्या बायकोच्या गळ्यात सोन्याची मूर्ती होती, तीत मेलेली बाई राहते, असे दुभाष्या म्हणाला, बाई विकेना, आणि मूर्ती आपण जमवत नाही, म्हणून त्यानेही हट्ट धरला नाही.

या ओळींवर आम्ही वर्गात हसलो होतो. मग दिवाळीत आत्याच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ चमकली आणि माझ्या हातातले ताट तसेच राहिले. मूर्ती कसली, पुतळी, माळेत ओवायचे सोन्याचे नाणे! दुभाष्याने शब्दाचा अर्थ सांगितला, वस्तू सांगितलीच नाही. जुन्या माळांत कधी कधी रोमचे नाणेही निघते. ज्याच्यासाठी तो माणूस अर्धे जग हिंडला, ते कदाचित त्याच्या डोळ्यांपुढे लोंबत होते, आणि तो निघून गेला.

जेऊरला पॅसेंजरने निम्मा दिवस जातो. तिसऱ्या वर्गात खिडकी हवी तर लवकर या. कुर्डुवाडीला गाडी बदलणाऱ्यांची झुंबड उडते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरून घ्या. केमला आत्याने कुंकवाची पुडी घेतली. "परक्या घरी रिकाम्या हाताने कसे जायचे?" मी प्रत्येक स्टेशनावर उठून बाहेर डोकावत होते.

"बस की गं," शेजारची बाई म्हणाली. "तू उभी ऱ्हायलीस म्हणून इंजिन पळतंय व्हय?"

जेऊरपुढे मोटार नाही. बैलगाडी जाऊन-येऊन सव्वा रुपयात ठरली. आम्ही सोनाराकडे चाललोय म्हटल्यावर गाडीवान हसला. "सोनं घ्यायला आलाव व्हय? भाव चढल्यापास्नं दर बाजाराला एक टोपीवाला येतोय."

"घेऊन काय करतात?"

"वितळवत्यात की!"

त्यानंतर बैल फारच हळू चालताहेत, असे मला वाटू लागले.

सोनाराच्या घरी म्हातारे शेगडीपाशी फुंकणी घेऊन बसले होते. त्यांची बायको सखूबाई बाहेर आली. "पुतळी बघाया सोलापुरास्नं? तुज्या गावात सोनं न्हाय व्हय, पोरी?" तरी तिने पदराआडून काळा दोरा ओढला. त्यात एकच नाणे होते.

"ही माझी अक्का. माझी सवत. मी दुसरेपणावर आले. ह्या घरात दुसरी आली की सासू हीच तिच्या गळ्यात घालती. पैलीचा जीव हिच्यात ऱ्हातो. हिला ल्याल्याबिगर ती सुखानं नांदू देत न्हाय."

मेलेली बाई! मी नाणे उन्हाकडे वळवले. हळदीकुंकवाने नाक झिजले होते, पण कडेची रोमन अक्षरे आणि डोक्यावरचा पानांचा मुकुट स्पष्ट होता. जवाहिऱ्याने पाहिली ती हीच की दुसरी, कोण जाणे. पण नाणे रोमचे होते.

"आजी, ही बाई नाही," मी बोलून गेले. "हा बादशहा आहे! पुरुष!"

आत्याने मला चिमटा काढला. सखूबाई हसली.

"ते काय मला दिसत न्हाय? माझी सासूच म्हणायची, अक्काला दाढी हाय. पर चाळीस वर्सं हळदकुंकू लावतीया मी. बादशा असला तरी नांदतोय की हितं सवत होऊन!"

आत्याने तोंडात पदर कोंबला.

मग मी पुतळी मागितली. बदल्यात काय देणार, ते ठरलेच नव्हते. आत्यानेच ती द्यायला आपल्या माळेवर हात ठेवला.

"सवत कुणी बदलून देतं व्हय?" सखूबाई म्हणाली.

म्हाताऱ्यांनी लाख तापवली, तीवर नाणे दाबले आणि ठसा माझ्या हातावर ठेवला. "ह्याच्यावर भागवा."

"पर गावाचं नाव छापू नगंस," सखूबाई म्हणाली. "टोपीवाले दारात येऊन बसत्याल. पैशाला भुलून माझी पोरं हिला इकत्याल, मी कुटं कुटं बघू?"

"नाही छापणार," मी म्हणाले. त्या शब्दाची किंमत तेव्हा लक्षात आली नाही.

ठशाचे छायाचित्र मी प्राध्यापकांना पाठवले. त्यांचे पत्र आठवड्यात आले: ठसा उत्तम आहे, गावाचे नाव हवे, छापल्याशिवाय पुरावा उभा राहत नाही. मी नाव दोनदा लिहिले आणि दोन्ही कागद फाडले. शिष्यवृत्ती दुसऱ्या कुणाला मिळाली. जूनपासून मी शाळेत शिकवते. अप्पा खूश आहेत. मी बरोबर केले का, हे अजून ठरत नाही. वर्गात आगगाडीची शिट्टी ऐकू आली की खडू हातात तसाच राहतो.

ठसा माझ्या टेबलावर आहे. आत्या आली की त्याला केमचे कुंकू लावते. मी पुसत नाही.

तुम्हाला जायचे असेल तर जरूर जा. जेऊरला उतरा, स्टेशनाबाहेर चहा प्या, सव्वा रुपयाच्या वर देऊ नका. गाडीवान विचारील, "कुटं?" ते तुमचे तुम्ही सांगा.