मागे घेतलेली दुरुस्ती

वडशाला आमचं बिछायत केंद्र आहे. मांडव, खुर्च्या, जनरेटर, माईक, भोंगे, सगळं भाड्यानं देतो. उन्हाळ्यात लग्नं आणि हिवाळ्यात आमच्या झाडीपट्टीतली रात्रभर चालणारी नाटकं, यावर घर चालतं. नाटकाच्या दिवसांत बाबा स्वतः गावोगाव जातात आणि साउंडच्या पेटीमागे बसतात. पंचक्रोशीतल्या प्रत्येक नाट्यमंडळाचा अध्यक्ष त्यांना ओळखतो, आणि बोलायची आवड त्यांना आधीपासूनच आहे.

चंद्रपूरला इंजिनिअरिंग करून मी घरी परत आले तेव्हा बाबा दोन-तीन महिने सगळ्यांना सांगत होते, की पुण्याहून नोकरीचं बोलावणं येणार आहे. ते आलं नाही. मग मी कुरखेड्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळी परत. बाबांनी पुण्याचा विषय हळूच बंद केला.

क्लासमध्ये मी प्रोग्रॅमिंग शिकवायचे. मुलांना गोडी लागावी म्हणून प्रोग्रॅममधली वाक्यं मराठीत लिहायला लावायची. स्क्रीनवर स्वतःच्या गावाचं नाव उमटलं की मुली हसायच्या. अडचण यायची ती चुकलं की. आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा रूपात आणून देणारा एक प्रोग्रॅम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. काही चुकलं तर तो ती ओळ पुन्हा छापतो आणि चुकलेल्या जागेखाली एक छोटा बाण काढतो. ओळ इंग्रजीत असली की बाण बरोबर जागी. मराठी शब्द आला की बाण उजवीकडे भलतीकडेच जायचा.

"म्याडम, हा बाण कुठी दाखवून राह्यला? तिथी तर काईच नाई," एका मुलीनं विचारलं.

मी म्हटलं, "बाणाकडे लक्ष देऊ नका." वर्गात सगळ्यांनी मान डोलावली आणि मला माझंच उत्तर आवडलं नाही.

घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं, की हा कंपायलर कुठल्या एका कंपनीचा नाही. जगभरातली माणसं मिळून तो बनवतात, त्याचा सगळा कोड उघडा आहे आणि कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो. अनुभवी माणसं ती तपासतात आणि पटली तर आत घेतात. 'कोणीही' या शब्दात मी येते का, हे ठरवायलाच मला कितीतरी दिवस लागले.

सुरुवात लाजिरवाणीच होती. कंपायलर आधी स्वतःच्या लॅपटॉपवर बांधून घ्यावा लागतो. माझ्या जुन्या लॅपटॉपला त्यासाठी अख्खा दिवस लागायचा. मधेच लाइन गेली, बॅटरी संपली, की पहिल्यापासून. गोदामात गाद्यांच्या थप्पीवर लॅपटॉप ठेवून मी बसलेली असायचे. बाबा ये-जा करताना पाहायचे.

"काय करून राह्यली बाई तू? सकाळपासून तेच पाहून राह्यली."

"कंपायलर बांधून राह्यली, बाबा."

"मांडव बांधाले येवढा टाइम लागत नाई," ते म्हणाले आणि हसत निघून गेले.

कोडमध्ये बाण काढणारी जागा सापडली. कंपायलर काना, मात्रा, वेलांटी, सगळं स्वतंत्र अक्षर म्हणून मोजत होता. 'वि' म्हणजे त्याच्या हिशोबानं दोन घरं. वाक्य जितकं मराठी, तितका बाण लांब. वेलांट्या-मात्रा मोजायच्या नाहीत अशी दुरुस्ती मी लिहिली, माझ्या स्क्रीनवर बाण नीट जागी आला, आणि मी ती पाठवून दिली. सोबतच्या पत्राची सुरुवात 'आदरणीय सर' अशी केली होती आणि शेवट 'आपली आज्ञाधारक' असा.

उत्तर दोन दिवसांनी आलं. तपासणारी व्यक्ती बाई होती. तिनं 'सर'बद्दल एक शब्द काढला नाही, फक्त खाली स्वतःचं नाव लिहिलं, आणि ते नाव बाईचं होतं. माझे कान गरम झाले. तिनं माझ्या कोडमधल्या गोष्टी एकेक करून दाखवल्या होत्या: इथे नाव नीट नाही, ही अट दोनदा आली आहे, या दुरुस्तीसाठी चाचणी कुठे आहे? भाषा अगदी सौम्य. पण ते सगळं पान जगासमोर उघडं होतं. कोणीही यावं आणि माझं अज्ञान वाचावं. एकदा वाचून मी लॅपटॉप मिटला आणि विनाकारण खुर्च्या पुसत बसले.

तरी दुरुस्त करून परत पाठवलं. परत सूचना आल्या, परत पाठवलं. असं दिवाळीपर्यंत चाललं. धान कापणीला आलं होतं त्या दिवसांत एका सकाळी कुरखेड्याच्या एसटीत मला फोनवर दिसलं, की माझी दुरुस्ती आत घेतली गेली. खिडकीबाहेर धानाच्या शेतांच्या बांध्याच बांध्या पिवळ्या झाल्या होत्या. शेजारच्या बाईंना मी सांगणार होते, पण काय सांगायचं ते सुचेना.

बाबांना मात्र सांगितलं. त्यांनी नीट समजून घ्यायचा प्रयत्न केला.

"म्हंजे जगात कोनीबी तो प्रोग्रॅम चालवन, त्यात तुयं काम राहीन?"

"एवढंसं, बाबा. बाणापुरतं."

"एवढंसं का होईना, राहीन ना?"

"राहीन."

त्यांनी मान हलवली आणि दुपारपर्यंत बाजारात ते सगळ्यांना माहीत झालं. संध्याकाळपर्यंत त्या प्रोग्रॅमची एक अमेरिकेतली कंपनी झाली होती. दोन दिवसांनी तिथल्या लोकांकडून होत नव्हतं ते मी करून दिलं, असं झालं. मी बाबांना म्हटलं, असं काही नाही, तुम्ही वाढवून सांगून राह्यले. ते म्हणाले, "मी कुठी वाढवतो? लोकं वाढवतेत." खरं तर मी आणखी जोरात अडवायला हवं होतं. पण पुण्याचं बोलावणं न आल्यापासून बाबा माझ्याबद्दल इतकं बोलले नव्हते. मलाही ते ऐकायला बरं वाटत होतं.

हिवाळ्यात जवळच्या एका गावच्या मंडईला नाटक होतं. मंडई म्हणजे गावची जत्रा. तिथल्या मंडळाचे अध्यक्ष बाबांचे जुने गिऱ्हाईक. नाटकाआधी उद्घाटनात पाहुण्यांचे सत्कार होतात, त्यात त्यांनी माझं नाव घातलं. मी नको म्हटलं. बाबांनी माझ्यासाठी नवी साडी आणली होती. मी गेले.

दुपारी आम्ही मांडवाचं काम संपवलं. लोकांना बसायला जमिनीवर धानाचं तणस पसरलं होतं, बाबा भोंगे बांधून घेत होते, आणि मी रंगमंचाच्या मागे बसून सहज फोन उघडला. पत्र आलेलं होतं. माझी दुरुस्ती मागे घेण्यात आली होती.

कारण साधं होतं. फाईलची शेवटची ओळ रिकामी असली आणि चूक नेमकी तिथेच असली, तर माझ्या कोडमुळे नुसता बाण चुकायचा नाही, कंपायलरच बंद पडायचा. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांचं काम अडलं होतं. तक्रारी खाली खाली ओळीनं लागल्या होत्या. शेवटी त्याच बाईनं लिहिलं होतं, की असं होतंच, ही चूक तपासताना मलाही दिसायला हवी होती, तू नीट करून पुन्हा पाठव. त्यातलं 'होतंच' मला दिसलं नाही. मला तक्रारी दिसल्या. एकानं विचारलं होतं, हे आत घेतलंच कसं?

बाबांना तेव्हाच सांगायला हवं होतं. मी भोंग्याच्या शिडीखाली जाऊन उभीही राहिले. वरून ते म्हणाले, "साडी नेसून ये ना बाई, पाहुने येऊन राह्यले." मी गेले.

अंधार पडता पडता मैदान भरलं. अध्यक्षभाऊंनी माईक हातात घेतला. "आपल्या झाडीची लेक! अमेरिकेच्या कम्प्युटरची बिमारी जिनं इथी वडशात बसून दुरुस्त केली!" टाळ्या वाजल्या. माझ्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. "आता बाईनं दोन शब्द बोलावे."

समोर तणसावर हजारभर माणसं असतील. पुढच्या रांगेत बाया लेकरांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या. उजवीकडे पेटीमागे बाबा होते, त्यांचा हात बटनावर होता. मी ठरवलं, सांगून टाकायचं.

"ते काम," मी म्हटलं, "ते काम आज..."

माझा आवाज इतका बारीक निघाला की बाबांना वाटलं माईक कमी आहे. त्यांनी आवाज वाढवला. भोंगा किंचाळला, लोकांनी कानांवर हात ठेवले, लेकरं रडायला लागली. बाबांनी घाईनं आवाज खाली आणला आणि मला हातानं खूण केली, बोल, आता बोल.

"धन्यवाद," मी म्हटलं. परत टाळ्या वाजल्या.

नाटक मी पाहिलं नाही. आमच्या पिकअप गाडीत शाल बाजूला ठेवून बसून राहिले.

सकाळी नाटक सुटल्यावर माणसं पांगली. बाबा वायरी गुंडाळत होते, मी दुसरं टोक धरलं होतं. तिथे सांगितलं. कंपायलर कसा बंद पडला, काय झालं, सगळं. ते गुंडाळत राहिले.

"म्हंजे आता त्यात तुयं काम नाई?"

"नाई."

"कधी काढलं?"

"काल. दुपारी."

"सत्काराच्या आंधी?"

"आंधी."

ते थांबले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रंगमंचाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी हळू विचारलं, "मंग शाल वापस करावी लागन का?"

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. ते मात्र खरंच विचारत होते. शाल परत करायची नसते, असं मी सांगितलं. "बरं," ते म्हणाले. गुंडाळलेल्या वायरी त्यांनी पिकअपमध्ये टाकल्या. त्यानंतर बाजारात कोणी माझ्याबद्दल विचारलं, की ते "चालू हाय" म्हणायचे आणि दुसरा विषय काढायचे. अख्ख्या बाजारात बोलका म्हणून प्रसिद्ध असलेला माणूस माझं नाव आलं की गप्प व्हायचा. कंपायलर पडल्याची लाज मला काही आठवड्यांनी वाटेनाशी झाली. बाबांच्या गप्प होण्याची ही लाज मात्र जाईना.

बरेच दिवस मी ते पान उघडलं नाही. उघडलं ते क्लासमध्ये, नव्या बॅचच्या एका मुलीचा बाण परत भलतीकडे गेला म्हणून. तिला "लक्ष देऊ नको" म्हणणं मला जमलं नाही. दुरुस्ती तपासणाऱ्या त्या बाईला मी लिहिलं, या वेळी तिच्या नावानं, की मी पुन्हा करते. तिनं उत्तर दिलं, जणू मधे काही घडलंच नव्हतं. या वेळी मी रिकाम्या ओळीची चाचणी आधी लिहिली. तमिळ आणि थाई लिहिणाऱ्या अनोळखी माणसांना त्यांच्या मशीनवर चालवून पाहायला सांगितलं. त्यांनी चुका काढल्या. त्या वाचताना अजूनही कान गरम व्हायचे, पण मी पान बंद केलं नाही. उन्हाळ्याची लग्नं संपत आली तेव्हा दुरुस्ती आत गेली. महिनाभर मी रोज तक्रारींचं पान पाहिलं. तक्रार आली नाही. मग बाबांना सांगितलं.

"बरं झालं," ते म्हणाले आणि खुर्च्यांकडे वळले. बाजारात कोणालाही त्यांनी सांगितलं नाही.

पावसाळा संपताना अध्यक्षभाऊ यंदाच्या मंडईचं ठरवायला दुकानात आले. चहा झाला. मी आत पडदे घड्या करत होते. त्यांनी विचारलं, "पोरीचं अमेरिकेतलं काम काय म्हन्ते?"

"चालू हाय," बाबा म्हणाले. "यंदा जनरेटर मोठा लागन ना तुमाले?"

मी पडदा तसाच ठेवून बाहेर आले. "भाऊ, ते काम तवाच वापस आलं होतं. तुमी सत्कार केला त्याच दिवशी."

बाबांनी मान खाली घातली. अध्यक्षभाऊंनी कप ठेवला. "वापस आलं? काऊन?"

"माया चुकीनं दुसऱ्यायचं काम बंद पडलं होतं."

"मंग स्टेजवर काऊन नाई सांगतलं?"

"लाज वाटली."

"अन् आता?"

"आताबी वाटून राह्यली. पन आता ते बरोबर केलं मी. आत गेलं ते, अन् राह्यलं."

 अध्यक्षभाऊ बाबांकडे वळून म्हणाले, "पाहिलं का तुमी, काय केलं ते?"

बाबांनी पाहिलं नव्हतं. इतक्या दिवसांत त्यांनी विचारलं नव्हतं आणि मीही दाखवलं नव्हतं. मी लॅपटॉप आणला, गल्ल्याशेजारी ठेवला. बाबांचं नाव मराठीत टाकून एक ओळ लिहिली आणि तिच्या शेवटी मुद्दाम एक चिन्ह चुकवलं. कंपायलर चालवला. ओळ परत छापून आली, आणि चुकलेल्या चिन्हाच्या बरोबर खाली छोटा बाण उभा राहिला.

अध्यक्षभाऊ वाकून पाहत राहिले. "येवढंच?"

"येवढंच," मी म्हटलं. गालांना चटका बसल्यासारखं झालं.

बाबांनी चष्मा शोधून डोळ्यांवर लावला आणि स्क्रीनजवळ आले. बोट काचेला न लावता त्यांनी ते बाणापासून वर, चिन्हापर्यंत नेलं. मग म्हणाले, "आंधी कुठी जात होता हा? ते दाखव बरं भाऊले."