दोन्ही बाजूंनी अडीच मिलिमीटर

माझं इंजिन रुळावर बसेना. ताथवड्याच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, जिथे एरवी बारशी आणि वाढदिवस होतात, तिथे चार टेबलं जोडून छोट्या गाड्यांचा रूळ मांडला होता आणि दहा-बारा माणसं माझ्याभोवती उभी होती. मी पितळेचं वाफेचं इंजिन दोन्ही हातांनी धरून रुळावर ठेवून बघत होतो. एका बाजूची चाकं रुळावर आली की दुसऱ्या बाजूची आत घसरत. उचललं, उलटं केलं, चाकं फिरवून बघितली, परत ठेवलं. परत तेच.

चाकणच्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये मी सव्वीस वर्षं काढली आहेत. मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तरी मी समोरच्याला उभं-आडवं घेतो, आणि याबद्दल माझी ख्याती आहे. त्यामुळे आधी मला वाटलं की यांचा रूळच चुकलाय.

या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी पाच महिने होतो. कोणी डिझेल इंजिन बनवतं, कोणी जुने लाल डबे, कोणी नुसते सिग्नल. महिन्यातून एका रविवारी सगळे आपापल्या गाड्या घेऊन जमतात आणि एकमेकांना दाखवतात. मी फोटो बघत होतो, अंगठे देत होतो, आणि कोणालाही काही न विचारता घरी माझं इंजिन घडवत होतो. प्रमाण माहीत होतं: खरी गाडी सत्त्याऐंशी पटींनी लहान करायची. आमच्या धंद्यात एकदा ड्रॉइंग हातात आलं की विचारायचं नसतं, मोजायचं असतं.

ग्रुपमधले सगळ्यात ज्येष्ठ, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते एका कंपनीतून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन. त्यांनी खिशातून व्हर्निअर काढला आणि माझ्या चाकांमधलं अंतर मोजलं.

"साडेअकरा," ते म्हणाले. "तुम्ही मीटरगेजचं इंजिन केलंय."

"हो. मीटरगेजचंच आहे ते. हजार मिलिमीटरला सत्त्याऐंशीने भागा. साडेअकराच येतात."

"बरोबर येतात. पण आपला रूळ साडेसोळाचा आहे."

मी डोक्यात हिशेब केला. आपली मोठी लाइन सोळाशे शहात्तरची. सत्त्याऐंशीने भागलं तर एकोणीसच्या वर जायला हवं. साडेसोळा कुठून आले? काका शांतपणे म्हणाले की साडेसोळा हे परदेशातल्या लाइनीचं माप आहे, बाजारात तोच रूळ मिळतो, तेव्हा आपली सगळी इंजिनं त्यावर चालावीत म्हणून चाकं थोडी आत घेतात.

"म्हणजे इथली एकही गाडी बरोबर नाही?" मी विचारलं.

"मापाने नाही," काका म्हणाले. "पण चालतात."

मला राग आला. टेबलावर सात-आठ इंजिनं झोकात फिरत होती, सगळीच्या सगळी चुकीची, आणि एकच बरोबर होतं ते माझ्या हातात पडून होतं. मी तसं बोलूनही दाखवलं, जरा जास्तच. एक आयटीतला तरुण, ज्याने संगणकावर चितारून प्रिंटरने डबे काढले होते, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, एवढं नका मनाला लावून घेऊ. चाकं रुंद करा. पुढच्या वेळी पळवू." मी इंजिन जुन्या बनियनमध्ये गुंडाळलं आणि पुनावळ्याला घरी आलो. चूक कोणाची हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

हे इंजिन माझ्या हौसेचं नव्हतं, वडिलांसाठी होतं. त्यांना आम्ही दादा म्हणतो. मराठवाड्यात मीटरगेजवर त्यांनी वाफेचं इंजिन चालवलं. आमचं बालपण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलं आणि दादा ड्युटीवरून आले की त्यांच्या मानेवरच्या काजळीवर आई आधी ओला फडका फिरवायची, मग चहा द्यायची. गेल्या वर्षी आई गेली. दादा गावात दोन खोल्यांत एकटे राहिले. मी त्यांना आग्रहाने, खरं तर भांडून, पुनावळ्याला अकराव्या मजल्यावर आणलं.

इथे त्यांना काही कमी नव्हतं असं मी म्हणायचो. वेगळी खोली, गॅलरी, लिफ्ट, खाली बाकडी. बायको त्यांचं पथ्यपाणी सांभाळत होती. पण दादा गॅलरीत खुर्ची टाकून हायवेकडे तोंड करून बसत आणि दिवसभरात चार वाक्यं बोलत. त्यातलं एक ठरलेलं असे: "मी जातो रे आता गावाकडं." मी विचारायचो, कशाला? कोण आहे तिथे? मला कळत नसे की माणसाला सगळं दिल्यावर अजून काय द्यायचं असतं.

म्हणून इंजिन. पहिली शिफ्ट संपवून कंपनीच्या बसने घरी आलो की दुपारभर मी ड्राय बाल्कनीत कानस घेऊन बसायचो. दादांना चोरून करायचं होतं, पण घरात कानशीचा आवाज लपत नाही. एकदा ते दारात येऊन उभे राहिले. "काय करायलास?" मी म्हटलं, "कंपनीचं काम आहे." ते बराच वेळ बॉयलरच्या नळीकडे बघत राहिले आणि निघून गेले. त्यांनी ओळखलं होतं की नाही ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळायची सोय नव्हती.

ताथवड्याहून मी इंजिन घेऊन परत आलो, त्याच आठवड्यात दादांनी परस्पर परतीचं तिकीट काढलं. खाली बाकड्यावर बसणाऱ्या एका गृहस्थांकडून मोबाईलवर काढून घेतलं आणि मला नुसतं सांगितलं. पुढच्या महिन्यातला सोमवार. मी कॅलेंडर बघितलं. आदल्याच दिवशी, रविवारी, ग्रुप जमणार होता. माझ्या हातात एक रविवार होता. दादांनी तिथे आपलं इंजिन चालवलं, चार लोकांनी त्यांना जुन्या गोष्टी विचारल्या, त्यांच्याभोवती गोळा झाले, तर ते तिकीट रद्द करतील, असं मी धरून चाललो.

काकांनी फोनवर दोन रस्ते सांगितले होते. एक, साडेअकराचा वेगळा रूळ स्वतः तयार करायचा. पट्ट्या कापायच्या, एकेक जोडायची, त्याला तीन-चार महिने लागणार. दुसरा, इंजिनाची चाकं रुंद करायची. मी दुसरा धरला. दोन्ही बाजूंनी अडीच मिलिमीटर. ऐकायला काही नाही. पण चाकं बाहेर आली की सिलिंडर बाहेर घ्यावे लागतात, सिलिंडर घेतले की त्यांचे दांडे, मग पायऱ्या. इतकं मोजून केलेलं अंग मी करवतीने कापलं. पूर्ण झाल्यावर ते एखाद्या सडपातळ माणसाने पाय फाकून उभं राहावं तसं दिसत होतं. मी स्वतःला सांगितलं की रंग दिल्यावर कळणार नाही.

रविवारी दादा धुतलेला शर्ट घालून माझ्याबरोबर आले. क्लबहाउसमध्ये सगळ्यांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, काकांनी नमस्कार केला. या मंडळींचा एक रिवाज आहे. नवीन गाडीची पहिली फेरी ज्याने बनवली त्याने मारायची नाही. रुळात वीज सोडून गाडी चालवायचा कंट्रोलर दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्यायचा आणि आपण बाजूला हात मागे बांधून उभं राहायचं. मी याच क्षणासाठी सहा महिने कानस घासली होती. इंजिन रुळावर ठेवलं, या वेळी ते टचकन बसलं, आणि कंट्रोलर दादांच्या हातात दिला.

दादांनी बटणाला हात लावला नाही. ते वाकले. टेबलावर गाल टेकेल इतके वाकून त्यांनी इंजिन समोरून बघितलं.

"हिच्या चाकाला काय केलंस?"

मी अभिमानाने सांगितलं. आधी मीटरगेजचंच होतं, एकदम बरोबर मापाचं, पण इथला रूळ रुंद आहे म्हणून रुंद केलं. दोन्ही बाजूंनी अडीच मिलिमीटर. सगळे कौतुकाने ऐकत होते.

दादांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला. "हिला चालवू नगा," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

मला काही समजेना. आयटीवाला तरुण माझ्याकडे बघत होता, मी काकांकडे, काका इंजिनाकडे. मग माझं डोकं फिरलं. सहा महिने, हाताला पडलेले चरे, आणि हा माणूस एका वाक्यात उठून जातो. मी रिवाज मोडून स्वतःच कंट्रोलर उचलला आणि इंजिन सोडलं. ते सुरेख चाललं. वळणावर हललं नाही, बोगद्यातून गेलं, बाहेर आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाईलवर घेतलं. मला त्यातलं काहीच गोड लागलं नाही.

दादा क्लबहाउसच्या पायऱ्यांवर बसले होते. मी म्हटलं, "चाललं बघा. काय वाईट झालं त्यात?"

"चाललं असंल."

"मग?"

"लाइन रुंद झाली तवा मलाबी असंच केलं व्हतं," ते म्हणाले. "डिझेलच्या ट्रेनिंगला धाडलं. सगळे म्हणायचे, लई अवघड न्हाई, जरा सवय करायची. बावीस दिस बसलो वर्गात. काय बी डोक्यात शिरंना. परीक्षेच्या आदल्या दिवशी साहेबाला म्हणलं, मला स्टोअरात घ्या. मग नट-बोल्ट मोजीत बसलो रिटायर होईपर्यंत."

मी आयुष्यभर समजत होतो की त्यांना ऑफिसात बढती मिळाली. आईने पेढे वाटले होते. त्यातले चार तिने डब्यात घालून माझ्या आयटीआयच्या हॉस्टेलवर पाठवले होते आणि ते मी मित्रांना दाखवून दाखवून खाल्ले होते.

"आईला माहीत होतं?"

"तिला बढतीच सांगितली."

मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांना काय वाटत असेल ते विचारायचं सोडून मी म्हणालो, "पण दादा, मी सगळं तुमच्यासाठीच केलं." ते म्हणाले, "व्हय." एवढंच. त्यात राग होता की थकवा, मला अजून सांगता येणार नाही. आम्ही रिक्षाने घरी आलो आणि मी वाटेत एकदाही तिकिटाचा विषय काढला नाही, कारण काय उत्तर येईल याची मला भीती वाटत होती.

रात्री जेवताना बायकोने विचारलं, कसं झालं? दादा म्हणाले, "चांगली मानसं हायेत."

सोमवारी मी रजा टाकली. पुणे स्टेशनवर गाडी लागायला अर्धा तास होता. दादांजवळ एकच बॅग होती. ते प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसले आणि गाडी कुठल्या बाजूने येणार ते बघत राहिले. मी आदल्या रात्री ठरवलेली वाक्यं एकेक करून सांगितली. तिकडे दवाखाना लांब आहे. पाणी एक दिवसाआड येतं. पडलात तर कोण उचलणार. तुमच्या भल्यासाठी सांगतोय.

"माझ्या भल्याचं मला कळतंय की," ते म्हणाले.

मग माझ्याजवळची सगळी वाक्यं संपली. बाकावर आम्ही दोघे आणि मध्ये बॅग. मला एकदम कळलं की हे सगळं खोटं आहे. कारण दवाखाना नाही, पाणीही नाही. आई गेल्यापासून कंपनीच्या बसमधून उतरलो की मला घरी जाववत नाही, आणि वर गॅलरीत दादांची खुर्ची दिसली की जाववतं. हे मी बायकोलाही कधी बोललो नव्हतो. मी पन्नाशीचा माणूस, मिशी पांढरी झालेला, तिथे बाकावर बसून बॅगेचा बंद पिळत होतो.

"दादा," मी म्हटलं, "तुमच्यासाठी नाही. मला तुम्ही पाहिजे आहात. म्हणून ठेवून घेत होतो."

दादांनी माझ्याकडे वळून बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला नीट बघितलं असं मला वाटलं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि आता तिकीट रद्द होणार असं मी धरून बसलो.

"मला बी तू पाहिजेस रे," ते म्हणाले. "तू इकडं कंपनीत आलास तवापासून पाहिजेस. म्हणून काय तुला उचलून तिकडं नेऊन बसवलं का मी?"

गाडी आली. मी उठलो आणि त्यांची बॅग उचलली.