जंतू मेले

मालनला एकसष्टावं वर्ष लागलं होतं, आणि त्यातली चाळीस वर्षं तिने खाडीच्या चिखलात वाकून काढली होती. चिखलातली तिसरी, म्हणजे खायची शिंपली, हाताला लागायच्या आधी तिच्या पायाच्या अंगठ्याला कळायची. पण दिवाळीपासून नाल्याच्या तोंडाशी चिखल तेलकट लागू लागला, तशी तिने आणि बाकीच्या बायकांनीही ती जागा सोडली.

सून सानिकाला सहावा महिना होता. मुलगा संदेश बोटीवर, तेव्हा सगळी जबाबदारी मालनची. आणि सानिकाला डोहाळे लागले तेही नेमके तिसऱ्यांचे.

"आई, वाटीभर तरी!"

"योगिनीबायचा निकाल येऊ दे. मग टोपभर खा."

योगिनी कॉलेजात शिकवायची. मालननेच तिला गाठून चिखल तपासायला सांगितलं होतं. नाल्याजवळचा आणि मधल्या खडकाजवळचा चिखल दोन बरण्यांत भरताना योगिनी म्हणाली होती, "यात मी चमकणारे जंतू सोडणार, काकी. लाखोंनी जमले की ते अंधारात निळसर उजेड देतात. त्या उजेडावरून चिखल कसा आहे ते कळतं."

मालनच्या डोक्यात राहिला तो एकच शब्द. जंतू म्हणजे हगवण, जंतू म्हणजे दवाखाना. वीस दिवस त्या धास्तीने तिला अन्न गोड लागलं नाही.

शुक्रवारी सकाळी सात वाजता फोन आला. रेंज धड नव्हती. "काकी, नाल्याजवळच्या चिखलात... जंतू मेले... अर्ध्या तासात सगळे... दुपारी येते," एवढं बोलून फोन तुटला.

"बरा झाला गो बाय!" मालन मुक्या फोनलाच म्हणाली. ओहोटी अजून होती. तिने टोपली उचलली आणि शेजारच्या सखूला हाक मारली. "सखू गो, चल नाल्यावर! जंतू मेले."

"तुझ्या मास्तरणीने मारले? मग आमचे डास मारायला पण सांग तिला!"

दोघींनी टोपल्या भरल्या. दिवाळीपासून कोणी हात न लावलेल्या तिसऱ्या, चांगल्या टपोऱ्या.

योगिनी आली तेव्हा एक वाजला होता. सानिका दुसरी वाटी चाटूनपुसून संपवत होती. अंगणातली शिंपल्यांची रास पाहून योगिनी थबकली.

"या कुठल्या?"

"नाल्याच्या. तूच सांगितलंस ना, जंतू मेले म्हणून?"

योगिनी पायरीवर मटकन बसली. "काकी, ते जंतू माझे होते. मी सोडलेले. मधल्या खडकाजवळच्या चिखलात ते छान चमकत राहिले. नाल्याजवळच्या चिखलात विझले. म्हणजे तिथे त्यांना मारणारं काहीतरी आहे."

मालनने सानिकापुढची वाटी ओढून घेतली. "काय आहे?"

"ते अजून कळायचंय. तिसऱ्यांत किती उतरलंय तेही. उरलेल्या मला द्या, तपासायला पाठवते. एका जेवणाने काही होईलच असं नाही, पण सानिकाला आजच डॉक्टरांना दाखवून या."

मालन सखूकडे धावली. चुलीवरचा टोप तिने फडक्याने धरून खाली ओढला. "खाऊ नको गो! मी उलटं समजले."

"अगं, मेले म्हणालीस ना?"

"मेले, तेच तर वाईट."

दवाखान्यात पाचवा नंबर लागला. बाकावर बसल्या बसल्या सानिकाने पोटावर हात ठेवला. "आई, बाळ हललं. त्यालाही तिसऱ्या आवडल्या वाटतं."

मालनला हसू आलं नाही. तिने सुनेचं मनगट घट्ट धरलं.

"कसं हललं गो? रोजच्यासारखंच ना?"