पांढऱ्या पेशी मोजणारी

एकवीस वर्षं ती एका प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपला डोळा लावून उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजत होती. घरात कुणी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. पण समोरच्या इमारतीवर मोबाईलचा टॉवर उभा राहिला आणि धाकट्या जावेला एकाएकी तिच्या विद्वत्तेचा साक्षात्कार झाला.

"ताई, खरं सांगा, माझं नाक सारखं गळतं ते त्या टॉवरमुळेच ना?"

"मला माहीत नाही."

"मग तुम्ही तिथे दिवसभर करता तरी काय?"

आता काय सांगणार, कप्पाळ! प्रयोगशाळेत नेमका तोच प्रश्न चालला होता. अंग तापणारही नाही इतक्या मंद मायक्रोवेव्ह लहरी उंदरांवर रोज दोन तास सोडायच्या आणि रोगाशी लढणाऱ्या त्यांच्या पेशी कमी होतात का, ते पाहायचं. निम्म्या उंदरांचं यंत्र चालू, निम्म्यांचं बंद. बाकी सगळं सारखं. स्लाइडवर फक्त क्रमांक असायचे. कुठला उंदीर कुठल्या गटातला, हे मोजताना तिला कळू द्यायचं नाही, असा नियम.

दोन महिन्यांनी कुठला क्रमांक कुठल्या गटाचा ते उघडलं, तर पेशी दोन्ही गटांत घटलेल्या. प्रयोग चालवणारे सर तावातावाने तिच्या टेबलाशी आले.

"बाई, यंत्र बंद असताना पेशी कशा घटतील? मोजण्यात चूक आहे. पुन्हा मोजा."

तिने पुन्हा मोजलं. आकडे तेच. तिसऱ्यांदा मोजलं. मान आखडली, डोळ्यांपुढे ठिपके नाचायला लागले, आकडे मात्र जागचे हलेनात.

"सर, पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं," ती शेवटी म्हणाली. "हलू नयेत म्हणून आपण त्यांना अरुंद नळीत कोंबतो. बाहेर काढल्यावर ते लटलट कापत असतात. धास्तीनेही पेशी घटतात. नळीत न घालता पिंजऱ्यातच ठेवलेला तिसरा गट हवा."

"त्याने काम दीडपट वाढलं असतं."

"आत्ता तिप्पट झालंय."

परिषदेला पाठवायच्या निबंधाचं शीर्षकसुद्धा सरांनी ठरवून टाकलं होतं, 'लहरींमुळे प्रतिकारशक्तीत घट'. बाजारात तुरी असताना!

मग नवे उंदीर आले. तिने त्यांना दोन आठवडे नळीची सवय लावली, आधी पाच मिनिटं, मग दहा. तिसरा गट आपल्या पिंजऱ्यात आरामात. या खेपेला तिन्ही गटांच्या पेशी जवळपास सारख्या निघाल्या. लहरींच्या गटात एका जातीच्या पेशी किंचित कमी दिसल्या तेव्हा सरांचे डोळे चमकले, पण पुढच्या खेपेला तोही फरक नाहीसा झाला. सरांनी शीर्षक खोडलं. निबंधात तिचं नाव घातलं, तेही आडनाव चुकवून.

ती संध्याकाळी घरी आली, तर निकाल विचारायला जाऊ दारातच उभी. काही फरक दिसला नाही, असं तिने सांगून टाकलं.

"म्हणजे टॉवर चांगला?"

"असं मी म्हटलं नाही. आमच्या उंदरांवर, तेवढ्या दिवसांत, तेवढ्या लहरींनी काही दिसलं नाही, एवढंच."

"म्हणजे धोका आहे!"

"असंही म्हटलं नाही गं बाई!"

"एक काय ते धड सांगा ना!"

बोलत बोलत ती जावेच्या खोलीत शिरली आणि थबकलीच. टॉवरच्या लहरी अडवायला जावेने खिडकी बंद करून तिच्यावर वरपासून खालपर्यंत चांदीचा कागद चिकटवला होता. बाहेर अजून उजेड असताना आत अंधार, कुबट वास, आणि उशीमागच्या भिंतीवर हातभर काळी बुरशी.

दिवसभर राखलेला तिचा संयम तिथे संपला. तिने कागद टराटरा फाडला, खिडकी सताड उघडली आणि पलंग भिंतीपासून ओढून काढला.

"टॉवरचं मला ठाऊक नाही," ती ओरडली, "पण या बुरशीत महिनाभर झोपले तर माझंही नाक गळेल! आधी भिंत पूस!"

जावेने भिंत पुसली, पण नाक मुरडूनच. पुढचे चार दिवस ती थोरल्या जावेशी अवाक्षर बोलली नाही. ते चार दिवस थोरलीला फार सुखाचे गेले.