उलट्या टाक्यांचं पान

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत जुन्या वस्तूंसाठी मऊ कापडाच्या खोळी शिवणाऱ्या मावशींना सगळे डावरी मावशी म्हणत. तोंडावरच, बरं का! मावशीही काही कमी नव्हत्या. "उजव्या हाताने तुम्ही काय दिवे लावलेत तेवढं सांगा," म्हणायच्या. लहानपणी या डाव्या हातामुळे छड्या खाल्ल्या, हे मात्र त्या कुणाला सांगत नसत. आणि आपल्या मुलावर तीच पाळी येऊ नये म्हणून त्याचा डावा हात आपणच फडक्याने खुर्चीला बांधून ठेवायचो, हे तर नाहीच नाही.

आता तोच मुलगा आपल्या सहा वर्षांच्या मुलीच्या मागे लागला होता. "उजव्या हातात धर!" घरात रोज हीच कटकट. पेन्सिल दिसली की पोर रडायला लागायची.  मावशी कोणत्या तोंडाने बोलणार?

अशात एके दिवशी खोळीच्या मापासाठी बायबलमधल्या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या चरित्राचा, हस्तलिखित ग्रंथ आला. हजार-बाराशे वर्षांचा, कातड्याच्या पानांचा. संग्रहालयातल्या ग्रंथांच्या दुरुस्तीवाल्या बाईंनी एक पान अलगद उलटलं. कातडं ताणून वाळवतानाच ते फाटलं असावं. कुणीतरी ते आधी शिवून घेतलं होतं आणि लिहिणाऱ्याने टाके चुकवून दोन्ही बाजूंनी ओळी लिहिल्या होत्या.

"टाके बघा, कसे उलटे पडलेत," बाई म्हणाल्या. "शिकाऊ असेल कुणी."

मावशी वाकल्या. "शिकाऊ? अहो, काहीतरीच काय! एक टाका इकडचा तिकडे नाही. डाव्या हाताची शिवण आहे ही. माझे अस्सेच पडतात." त्यांनी आपली अर्धी शिवलेली खोळ शेजारी धरली. टाक्यांचा कल तोच, अंतरही तेवढंच. बाई बघतच राहिल्या.

मावशींना मात्र भरून आलं. त्या डावऱ्याचा हात कुणी बांधला नाही, म्हणून हे पान इतकी वर्षं टिकलं. आणि आपण? पोटच्या पोराचा बांधला.

संध्याकाळी घरी आल्या तर नातीच्या उजव्या मुठीत पेन्सिल आणि डोळ्यांत पाणी. मुलगा समोर ठाण मांडून बसलेला. हातातली पिशवीही खाली न ठेवता मावशी म्हणाल्या, "सोड तिला. तुझा हात मी बांधला, ते चुकलं माझं. फार चुकलं रे."

मुलाने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "आई, स्वप्नात मी अजून डाव्या हातानेच लिहितो गं."

मावशींना रडू आवरेना. मुलाने लेकीच्या मुठीतली पेन्सिल सोडवली आणि तिच्या डाव्या हातात दिली. मग स्वतःसाठी दुसरी शोधून आणली, तिच्या शेजारी फतकल मारून बसला आणि जिभेचं टोक दातांत धरून डाव्या हाताने पहिलं अक्षर काढायला लागला.