शकूवहिनींचा बुधवार

शकूवहिनींसमोर कुणी 'मयत' म्हटलं, की त्या तिथंच थांबवायच्या. "नाव सांगा. मयत कोनाचंच नाव नसते." समोर पोलीस असो, वकील असो, की कोर्टाच्या फाटकाबाहेर लोकांचे अर्ज टाइप करणारा माझ्यासारखा दीर असो. वहिनी जाऊन दोन वर्षं झाली, पण तो शब्द आला की माझं बोट अजून अडतं.

माझ्या चुलतभावाची ही बायको, बोरी अरब गावची. त्यांचा मुलगा सुधीर धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात गेला. शेजारच्या शेतवाल्यानं कुऱ्हाड घातली. मग तारखा सुरू झाल्या. वहिनी एसटीनं यवतमाळला यायच्या आणि पुढची तारीख घेऊन परत जायच्या. सहा वर्षं. घरात मी कायदेपंडित समजला जातो, म्हणजे मला समास सोडून टाइप करता येतं. धीर द्यायची वेळ आली की मी चहा आणायला जायचो. वहिनींचा त्या काळात फार चहा झाला.

एका बुधवारी एक माणूस कोर्टाच्या भिंतीकडे तोंड करून रडत होता. लोहाऱ्याचा रिक्षावाला. त्याच्या बहिणीला नवऱ्यानंच मारलं होतं. वहिनींनी चटई अंथरली आणि त्याला हाताला धरून बसवलं. मला म्हणाल्या, "रोगानं मेलं त लोकं बसाले येते, भाऊजी. खून झाला त पाहाले येते. तेरवी झाली का तेही बंद. मंग आमी बसाव कोनापाशी?"

पुढच्या बुधवारी तारीख नसताना दोघंही आली. महिनाभरात सातजण झाले. मला वाटलं, आता याला रीतसर रूप द्यावं. दोन तास खपून मी कागद टाइप केला. वर 'हत्यापीडित कुटुंबीय परस्पर आधार मंडळ', खाली रकाने : मयताचे नाव, मयताशी नाते, गुन्हा क्रमांक.

वहिनींनी तो वाचला. "एवढं नाव घेईस्तोर मानूस रडून घरी जाते," म्हणाल्या आणि सरळ फाडला. "कागदं आतमंदी ढीगभर हायेत. इथं ज्यानं त्यानं आपल्या मानसाची एक खोड सांगाची."

"खोड?"

"हो. नुसतं चांगलं सांगतलं त फोटो दिसते. खोड सांगतली का मानूस दिसते."

रिक्षावाल्यानं चटईची एक काडी उपटली. मग म्हणाला, "माही बहीन शेंगदाने चोरून खाये, अन् मार मले पडे." सगळे हसले. त्यानं घाबरून रस्त्याकडे पाहिलं. "लोकं काय म्हनतीन, काकू?"

"म्हनू दे. रडलो तवा कोन आलं होतं?"

मग वहिनींच्या केसचा निकाल लागला. सगळं डोळ्यांनी पाहिलेल्या शेतावरच्या सालदारानं साक्षीत 'मले काही दिसलं नाही' म्हटलं आणि आरोपी सुटला. वहिनी माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. मी वरच्या कोर्टाचं काढलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं. "थकली मी, भाऊजी. लय थकली." रडल्या नाहीत. एसटीत बसून गेल्या.

पुढच्या बुधवारी आम्ही चटईवर, डोळे रस्त्याकडे. रिक्षावाला म्हणाला, "काकू आता कायले येतीन? त्याइची केस त संपली." त्या आल्या नाहीत तर ही माणसं पुन्हा एकेकटी भिंतीकडे तोंड करून उभी राहणार, हे मला कळत होतं. त्यांना धरून ठेवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. अकराची एसटी येऊन गेली. साडेअकराचीही.

बारानंतर वहिनी आल्या. पाय ओढत, दर दहा पावलांवर थांबत. चटईवर टेकल्या आणि डोळे मिटून घेतले.

"काकू, आता त तुमची तारीखच नाही ना?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"नाही रे. सहा वरसात पह्यल्यांदा पुढची तारीखच नाही. आज नुसती बसाले आली."

फाटकापाशी एक बाई छातीशी कागदांची पिशवी धरून उभी होती. आमच्याकडे बघायची, मान वळवायची. मी ऐसपैस मांडी घालून बसलो होतो. वहिनींनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि माझ्या गुडघ्याला हात लावला.

"सरका, भाऊजी. त्या बाईले जागा करा."